सूत्रं पाठ आहेत, तरी उत्तर का चुकतं?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यातली सूत्रं तिला तोंडपाठ आहेत, पण उदाहरणं हमखास चुकतात. दहावीनंतर इलेक्ट्रिकल डिप्लोमा करायचं तिच्या मनात आहे. तो विचार सोडून द्यावा का? तिच्या वहीतली दोन उदाहरणं सोबत पाठवते आहे.

उत्तर : ताई, नमस्कार. विचार सोडू नका. या दोन उदाहरणांवरून तर मुळीच नको.

पहिल्यात १२०० किलोग्रॅमची गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाते आहे आणि तिची गतिज ऊर्जा काढायची आहे. मुलीचं उत्तर ४,८६,००० ज्यूल आणि बरोबर उत्तर १,३५,०००. मोठ्या आकड्याला लहानाने भागून पाहा, ३.६ येतात. चूक कुठे झाली ते इथेच कळतं. ताशी किलोमीटरचे मीटर प्रति सेकंद करताना ५/१८ ने गुणायचं, म्हणजेच ३.६ ने भागायचं. तिने ते केलंय, पण आधी ५४ चा वर्ग करून आलेल्या २९१६ ला ५/१८ ने गुणलंय. सूत्रात वेगाचा वर्ग आहे, म्हणून ३.६ ने दोनदा भागलं जायला हवं होतं, ते एकदाच झालं. आधीच ५४ चे १५ करून घेतले असते, तर ०.५ × १२०० × २२५ एवढंच उरलं असतं. सूत्रही येतं, रूपांतरही येतं, फक्त क्रम उलटा झाला.

दुसऱ्यात ५० किलोचं पोतं २५ सेकंदांत १० मीटर वर चढवायचंय. तिने ५० ला १० ने गुणून २५ ने भागलं आणि शक्ती २० वॅट लिहिली. ही चूक अगदी हुशार मुलंही करतात, कारण दुकानात आपण ‘वजन ५० किलो’ असंच म्हणतो. भौतिकशास्त्रात ते वस्तुमान. बल हवं तर त्याला ९.८ ने गुणा : ४९० न्यूटन. मग कार्य ४९०० ज्यूल आणि शक्ती १९६ वॅट. उत्तर आलं की ते पटतंय का, हे बघायची सवय तिला लावा. २० वॅट म्हणजे घरातले दोन एलईडी बल्ब. तेवढ्यात पोतं तीन मजले वर कसं जाईल?

पुढचे पंधरा दिवस रोज तीनच उदाहरणं द्या. दिलेली प्रत्येक राशी एककासह एकाखाली एक लिहायची, तिथेच किलोग्रॅम, मीटर, सेकंदात आणायची आणि मगच सूत्राला हात लावायचा. बलाची आणि विस्थापनाची दिशाही शेजारी बाणाने दाखवायची. घर्षणाचं कार्य ऋण का, किंवा डोक्यावर कळशी घेऊन सपाट रस्त्याने चालताना गुरुत्वाकर्षणाचं कार्य शून्य का, हे त्या बाणांवरून लगेच दिसतं.

इलेक्ट्रिकलला गेल्यावर हाच धडा रोज लागतो. शेतातल्या मोटरीच्या पाटीवर ३ एचपी (अश्वशक्ती) लिहिलेलं असतं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ३ × ७४६ = २२३८ वॅट. पण ही शाफ्टवर, म्हणजे मोटरीच्या फिरत्या दांड्यावर, मिळणारी शक्ती. मोटरीची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर पूर्ण भार असताना ती लाइनीतून २२३८ ÷ ०.८, म्हणजे सुमारे २८०० वॅट ओढते. चार तास चालली तर ११.२ युनिट. किलोवॅट ही शक्ती, युनिट म्हणजे किलोवॅट-तास ही ऊर्जा (३६ लाख ज्यूल). हा गोंधळ मोठ्या माणसांचाही होतो, तेव्हा घरचं वीजबिल समोर ठेवून तिच्याकडून एकदा हिशोब करून घ्या.

काळजी करायची ती एका गोष्टीची. कार्य आणि वेळ दिल्यावर ती शक्ती काढते, पण शक्ती आणि कार्य दिल्यावर वेळ काढता येत नाही, असं असेल तर अडचण बीजगणिताची आहे. पहिल्या वर्षाच्या गणितात तीच नडते, म्हणून समीकरणाची बाजू बदलण्याचा सराव आत्तापासून हवा. डिप्लोमाचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, त्यासाठी वेगळी सीईटी नसते. हाताशी अजून दहावीचं अख्खं वर्ष आहे.

पंधरा दिवसांनी वहीची नवी पानं पाठवा. चुकलेली उदाहरणं खोडू देऊ नका, मला तीच पाहायची आहेत.