"स्टार्टअपमध्ये असंच असतं" : यातलं किती खरं मानायचं?

"मॅडम, स्टार्टअपमध्ये असंच असतं ना?" समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका मुलीने पहिल्या भेटीत हे पाच वेळा विचारलं. रात्री साडेअकराला ग्रुपवर काम येतं, असंच असतं ना? पगार महिन्याच्या मध्यावर होतो, असंच असतं ना? आणि शेवटी, जरा खालच्या आवाजात, "की मीच कमी पडतेय?"

वय २२. सोलापूर जिल्ह्यातल्या कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, जुलैपासून पुण्यात बाणेरला नोकरी. कंपनी २६ माणसांची. किराणा दुकानदारांना घाऊक माल मागवता यावा असं ॲप चालवते. (ओळख पटू नये म्हणून गाव, धंदा आणि काही आकडे बदलले आहेत.) ती आली मार्चअखेरीस. झोप तुटक झाली होती, रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती घरचा फोन उचलायचं टाळायची. कारण वडील हमखास विचारणार, "झाला का पगार?"

राहू की सोडू, हा प्रश्न घेऊन येणारे फ्रेशर पुष्कळ. त्याला लगेच उत्तर द्यायचं नसतं, कारण त्यात तीन प्रश्न एकात एक गुंतलेले असतात : पैशाचा, कामाचा आणि स्वतःच्या तब्येतीचा. पहिलीच नोकरी असल्यामुळे तुलनेला काही नसतं. मग "असंच असतं" या एका पांघरुणाखाली सगळंच जातं. आज ठरलेलं उद्या बदलणं, आपल्या कामाबाहेरचं काम अंगावर पडणं, शिकवायला कुणी मोकळं नसणं, हे लहान कंपनीत खरोखरच असंच असतं. पगार थकणं आणि पीएफ कापून न भरणं, हे कुठेच "असंच" नसतं. समुपदेशनाचं अर्धं काम हे दोन ढीग वेगळे करण्याचंच होतं.

सुरुवात कागदांपासून केली. ऑफर लेटर, नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, ईसॉपचं (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क) पत्र. हे सगळं स्वतःच्या मेलवर किंवा फोनमध्ये असायला हवं. तिचं सगळं कंपनीच्या मेलमध्ये पडून होतं. कंपनीने एखाद्या दुपारी लॉगिन बंद केलं, तर आपल्या पगाराचा पुरावाही आपल्या हातात राहत नाही. मात्र एक काळजी घ्यायची. स्वतःच्या नोकरीचे कागद घ्यायचे. कोड, ग्राहकांच्या याद्या, कंपनीच्या फायली नाहीत. त्या घेतल्या तर उद्या चूक आपलीच ठरते.

सीटीसी, म्हणजे कंपनीचा तिच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, सहा लाख. तिने घरी सांगितलं होतं, महिना पन्नास हजार. प्रत्यक्षात त्या सहा लाखांतले ६० हजार वर्षअखेरचे 'कंपनीच्या कामगिरीनुसार' आणि ६० हजार ईसॉपची कागदावरची किंमत. उरले ४ लाख ८० हजार, म्हणजे महिना ४०,०००. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० (तोही सीटीसीतच धरलेला), तिच्या वाट्याचा १,८००, व्यवसाय कर २००. हातात ३६,२००. यात फसवणूक नाही, सीटीसी अशीच लिहितात. पण कॅम्पसवर हे गणित कुणी मांडून दाखवत नाही, आणि मग तेरा-चौदा हजारांची तूट मुलगी मनातल्या मनात स्वतःच्या नावावर लिहिते.

मग पगाराच्या तारखा मांडल्या. नोव्हेंबरपर्यंतचा पगार पुढच्या महिन्याच्या १ तारखेला. डिसेंबरचा ९ जानेवारीला. जानेवारीचा १७ फेब्रुवारीला. फेब्रुवारीचा अर्धाच, २० मार्चला. तिच्या डोक्यात हे "थोडं मागेपुढे होतं" एवढंच होतं. तारखा एकाखाली एक लिहिल्यावर उतार दिसला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यांचं म्हणणं "आमचाही पगार कधी कधी दहा-बारा तारखेला होतो". खरं आहे, पण जिल्हा परिषद बंद पडत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायला सांगितलं आहे. स्टार्टअपला त्यातून सूट नाही.

पीएफचं पासबुक तिने कधी उघडलं नव्हतं. समोर बसूनच सरकारच्या उमंग ॲपवर उघडलं. ऑगस्टपासून महिन्याला एक ओळ, शेवटची ओळ नोव्हेंबरच्या पगाराची. खाली कोरं. डिसेंबर आणि जानेवारीच्या स्लिपांवर मात्र १,८०० कापलेले. फेब्रुवारीची स्लिपच मिळालेली नाही. कंपनीने पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. नोंद दिसायला काही दिवस लागतात हे धरलं, तरी मार्चअखेर डिसेंबरची ओळ नसणं म्हणजे उशीर नव्हे. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे माझ्यामुळे नाही." इतक्या तासांत पहिल्यांदा तिचा प्रश्न स्वतःवरून कंपनीवर गेला. कंपनीचे पैसे संपत आले की पुष्कळदा आधी पीएफ आणि टीडीएस (पगारातून कापलेला आयकर) अडतो, मग पगार लांबतो. पासबुक महिन्यातून एकदा बघावं ते यासाठी.

पुढचं पाऊल होतं विचारणं, आणि तिथे ती अडली. अशा ऑफिसात फाउंडरला नावाने हाक मारतात, एकत्र चहा पितात, वाढदिवसाला सगळे त्याच्या घरी जातात. मग स्वतःचा पगार मागणंही मित्राकडे उधारी मागितल्यासारखं वाटतं. भेटीत आम्ही ते बोलणं तीनदा करून पाहिलं. पहिल्या वेळी तिने माफी मागून सुरुवात केली, दुसऱ्या वेळी घरभाड्याचं कारण दिलं. कारण देण्याची गरजच नाही. तिसऱ्या वेळी ठरलं ते असं : "फेब्रुवारीचा उरलेला पगार कोणत्या तारखेला मिळेल? डिसेंबर-जानेवारीचा पीएफ पासबुकात दिसत नाही, तो कधी भरला जाईल? आणि सध्याच्या खर्चाने कंपनीकडे किती महिन्यांचे पैसे आहेत?" बोलून झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल, "आज आपलं असं बोलणं झालं" म्हणून.

तिसरा प्रश्न फ्रेशरने विचारावा का, असं पालक विचारतात. विचारावा. हिशेब सोपा असतो : बँकेत दीड कोटी आणि दरमहा निव्वळ खर्च २५ लाख, तर सहा महिने. आकडा सांगणं फाउंडरवर बंधनकारक नाही, पण उत्तराचा बाज बरंच सांगतो. "आठ महिने आहेत, दोन ग्राहकांचे पैसे अडकलेत" हे उत्तर आहे. "तू कामावर लक्ष दे" हेही उत्तरच आहे. तिला मिळालं ते मधलं : "टर्म शीट साइन झालीय, सहा आठवड्यांत पैसे येतील. मी स्वतः चार महिने पगार घेतलेला नाही." टर्म शीट म्हणजे गुंतवणूकदाराने अटी कबूल केल्या, एवढंच. त्यानंतर कागदपत्रांची छाननी, करार, मग पैसे. यात आठवड्यांचे महिने होतात आणि काही वेळा सगळंच फिसकटतं. आणि फाउंडरने पगार न घेणं खरं असेलही, पण कंपनीत मोठा हिस्सा त्याचा आहे. तिचा हिस्सा आपण मोजला.

ईसॉप : २,४०० ऑप्शन, चार वर्षांत, पहिले ६०० एक वर्ष पूर्ण झाल्यावर. (ऑप्शन दिल्यापासून किमान एक वर्ष थांबावं लागणं कंपनी कायद्याच्या नियमांतच आहे.) पत्रात किंमत १०० रुपये धरलेली, म्हणून वर्षाचे ६० हजार. "जुलैपर्यंत थांबले तर साठ हजार मिळतील," असं तिला वाटत होतं. मिळणार होते ते ६०० शेअर घेण्याचा हक्क. त्यासाठी पत्राप्रमाणे शेअरमागे १० रुपये, म्हणजे ६,००० रुपये तिनेच भरायचे. शेअर घेतला की त्या वेळची किंमत आणि भरलेली रक्कम यांतला फरक पगारासारखा करपात्र. नोकरी सोडल्यावर निर्णयाला ९० दिवस. आणि शेअर बाजारात नोंदलेला नसल्यामुळे विकायला गिऱ्हाईक नाही. चांगल्या कंपनीत ईसॉपने लोकांची घरं झाली आहेत, त्याला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण पगार थकवणाऱ्या कंपनीत निव्वळ त्या ६०० ऑप्शनसाठी तीन महिने काढणं हे लॉटरीच्या तिकिटावर खोलीचं भाडं ठरवण्यासारखं आहे.

कामाचा प्रश्न वेगळा काढला. "काहीच शिकत नाहीये" असं ती म्हणत होती. दोन आठवडे वहीत दर अर्ध्या तासाला एक शब्द लिहायला सांगितलं : कोड, फोन, शीट, मीटिंग, वाट पाहणे. कामाच्या दहा दिवसांत भरले १०८ तास. त्यात कोड ३१ तास. दुकानदारांचे तक्रारीचे फोन २७. उरलेले एक्सेल शीट, डेमोची तयारी, मीटिंगा. शिवाय तिने लिहिलेला कोड आठ महिन्यांत कुणीही ओळ न् ओळ वाचलेला नव्हता. खरी अडचण ही होती. फोनांचा तिला राग होता, पण त्या फोनांमुळे दुकानदार ऑर्डर अर्ध्यात का सोडतो हे तिच्याइतकं ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. टेक्निकल हेडकडे तिने आठवड्याला ४५ मिनिटं मागितली, फक्त तिचा कोड वाचायला. त्याने दिली. चारपैकी तीन आठवडे पाळलीही. ऑर्डर अर्ध्यात सुटण्याची दुरुस्ती तिने एकटीने सुरुवातीपासून शेवटपर्यंत केली, आणि पुढे इंटरव्ह्यूत सांगण्याजोगी गोष्ट तीच ठरली.

त्याच सुमाराला आलेल्या एका मुलाचं उलट होतं. नाशिकची बारा जणांची कंपनी, पगार १ तारखेला, पीएफ लागू नव्हता (वीसपेक्षा कमी माणसं) आणि तसं नेमणूकपत्रात स्वच्छ लिहिलेलं. त्याला हवं होतं मोठ्या कंपनीसारखं तीन महिन्यांचं ट्रेनिंग. त्याच्या तक्रारी सगळ्या पहिल्या ढिगातल्या. तो राहिला.

तब्येतीकडे मात्र थांबून बघावं लागतं. झोप, भूक, आवडीच्या गोष्टींतलं मन सलग दोन आठवडे उडालं असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर नोकरीचा हिशेब बाजूला ठेवून आधी डॉक्टर. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तिची चिंता परिस्थितीला चिकटलेली होती; सुट्टीत घरी गेली की झोप लागायची. रात्री दहानंतर ग्रुप म्यूट केला, खरोखर तातडीचं असेल तर फोन करा असं टीमला सांगून ठेवलं. महिनाभरात फोन आला दोनदाच. आणि वडिलांना खरी तारीख, खरी रक्कम सांगितली. तो फोन तिला फाउंडरशी बोलण्यापेक्षा जड गेला.

निर्णयासाठी तारीख ठरवली : मार्चचा पूर्ण पगार ३० एप्रिलपर्यंत आला नाही, तर राजीनामा. तोवर रोज सकाळी एक तास रेझ्युमे आणि तयारी. मनातली मर्यादा दर आठवड्याला सरकते, म्हणून ती वहीत लिहून घेतली. फेब्रुवारीचा उरलेला पगार १० एप्रिलला आला. मार्चचा नाही आला.

नोटीस पिरियड ६० दिवसांचा. शिवाय दीड वर्षाच्या आत सोडल्यास 'प्रशिक्षण खर्च' म्हणून दीड लाखाचं कलम. असं कलम बघून मुलं घाबरतात किंवा हसण्यावारी नेतात, दोन्ही चूक. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मागता येते, आणि इथे प्रशिक्षण असं काही झालंच नव्हतं. पण २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा असाच बाँड (मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याची अट) वैध ठरवला आहे, त्यामुळे वकिलाला कागद दाखवूनच पुढे जावं. तिने दाखवला. राजीनाम्याच्या मेलमध्ये थकलेल्या पगाराच्या तारखा लिहिल्या, आरोप एकही केला नाही. कंपनीने बाँडचा विषय काढला नाही आणि ३० दिवसांत सोडायला मेलवर होकार दिला. मूळ मार्कशीटा तिने कधी जमा केल्या नव्हत्या, हे एक बरं झालं.

"अकरा महिन्यांत का सोडली?" याचं इंटरव्ह्यूतलं उत्तर दोन वाक्यांचं ठेवलं : चार महिने पगार अनियमित होता, म्हणून सोडली, तिथे मी हे काम पूर्ण केलं. पहिली एक नोकरी लवकर सुटली तर कुणी अडून बसत नाही. ओळीने तीन सुटल्या तर विचारतात.

जूनमध्ये ती विमाननगरच्या दीडशे माणसांच्या कंपनीत लागली. तीही स्टार्टअपच. जुन्या कंपनीचा शेवटचा हिशेब कायद्याने दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा होता, झाला पाच आठवड्यांनी. पीएफसाठी तिने ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) तक्रार पोर्टलवर स्लिपा जोडून तक्रार टाकली. जुलैच्या मध्यावर तिने पासबुकाचा स्क्रीनशॉट पाठवला. डिसेंबरची ओळ आली होती. जानेवारीची अजून नव्हती.