भिंतीवरचा मोठा कोळी: भीती असू दे, घाई नको

घरात मोठा कोळी दिसला की तुला वाटणारी भीती खोटी नाही. मीही वर्षभर मोरीत पाऊल टाकण्याआधी दिवा लावून चारही भिंती बघायचे.

आधी ओळख करून घे. कोकणातल्या घरात भिंतीवर तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी दिसतो ना, तो जाळं विणत नाही. रात्री फिरून झुरळं पकडतो. पोटाखाली पांढरट, बटणासारखी चपटी पिशवी दिसली तर ती मादी, अंडी घेऊन फिरतेय. आपली चाहूल लागली की ती फटीकडे पळते. तो पळ आपल्याला हल्ला वाटतो. हातात मात्र धरू नकोस. दाबला गेला तर चावतो आणि दुखतं.

छताच्या कोपऱ्यातला काटकुळ्या पायांचा वेगळा. त्याच्या जाळ्यावर हलकी फुंकर मार, अंग इतकं थरथरवतो की धूसर दिसायला लागतो. भीती घालवायची सुरुवात मी त्याच्यापासूनच केली: रोज दोन मिनिटं, दाराजवळ उभं राहून, नुसतं बघायचं. जवळ कधी जायचं ते आपण ठरवायचं, घरच्यांनी नाही.

झोपायच्या खोलीत तो मोठा कोळी नकोच असेल तर रुंद तोंडाची बरणी हळूच त्याच्यावर ठेव, खालून पुठ्ठा सरकव, पाय अडकले नाहीत ना ते बघ आणि अंगणात सोड. केरसुणी उगारू नकोस. तो पलंगाखाली शिरेल आणि तुला रात्रभर झोप लागणार नाही. पलंग भिंतीपासून वीतभर लांब ठेव, चपला झटकून घाल. विंचवासाठी तसंही ते करावंच लागतं.