पाच मॉड्यूल त्यांच्याकडे, तीन तुमच्याकडे

प्रश्न : मी परभणीत मॉडेल रेल्वेचे लेआउट ऑर्डरप्रमाणे बनवून देतो. संभाजीनगरच्या एका हॉटेलमालकांनी एचओ स्केलमध्ये (मूळच्या सुमारे १/८७ आकारात) मीटरगेजच्या काळातलं पूर्णा जंक्शन सांगितलं. आठ मॉड्यूल (एकमेकांना जोडायचे सुटे भाग), ६ लाख ४० हजार रुपये ठरले, २ लाख अॅडव्हान्स मिळाला. पाच मॉड्यूल जोडून दिले. दिवाळीत त्यांनी ते रिसेप्शनमध्ये मांडले, फोटोही टाकले. आता फाल्गुनात म्हणतात, "गाडी जोडावर घसरते, बाकीचे नको, अॅडव्हान्स परत करा." करारनामा नाही, सगळं बोलणं व्हॉट्सअॅपवर. ते पाच गपचूप उचलून आणावेत का? उरलेले तीन विकून टाकू का?

उत्तर : उचलून आणायचा विचार आजच सोडा. पैसे तुमचेच अडकलेत हे खरं, पण ताबा दिलेला माल मालकाच्या परवानगीशिवाय आणलात तर चोरीची तक्रार होईल आणि फिर्यादी व्हायच्या जागी तुम्ही आरोपी व्हाल.

करारनामा नाही म्हणून घाबरू नका. १८७२ च्या करार कायद्यात असा व्यवहार कागदावरच हवा अशी अट नाही. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडलं की ते मेसेज पुराव्यात येतात.

तुमच्या पत्रातली दिवाळीची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटली. माल विक्री कायदा, १९३० चं कलम ४२ सांगतं की, वाजवी वेळ उलटेपर्यंत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. इथे तर पाहुण्यांसमोर मांडून झाला! आणि कलम १३(२) नुसार, अखंड, म्हणजे तुकडे न पाडता ठरलेल्या, व्यवहारातला थोडा माल जरी स्वीकारला, तरी दोषाच्या कारणाने सगळा व्यवहार मोडता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. म्हणजे घसरणीचा दोष खरा निघाला तरी त्यांना दुरुस्तीचा खर्च मिळेल, अॅडव्हान्स नाही.

पण घसरणीकडे दुर्लक्ष करू नका. एवढ्या बारीक रुळाला जोडावर अर्ध्या मिलिमीटरची पायरी पडली तरी चाक उतरतं. पावसाळ्यात प्लायवूड फुगलं, की फरशीचा उतार आहे, की बोल्ट ढिले राहिले, ते जागेवर जाऊनच कळेल. "तपासून विनामूल्य दुरुस्त करून देतो, वेळ सांगा" असा मेसेज आजच पाठवा. दार उघडलं तर त्यांच्या समोर व्हिडिओ काढा. नाही उघडलं, तर तो नकारच तुमचा पुरावा. आणि भांडण मिटवायच्या नादात "थोडे परत करतो" असं मात्र लिहू नका. ते कबुलीसारखं वापरलं जाईल.

आता उरलेले तीन. पैसे येईपर्यंत ते अडवून ठेवण्याचा हक्क तुम्हाला माल विक्री कायद्याच्याच कलम ४७ आणि ४८ ने दिला आहे, काही भाग पोचवल्यावरही. विकायचे असतील तर आधी लेखी नोटीस द्या आणि पैसे भरायला वाजवी मुदत द्या. नोटिशीनंतर कमी किंमत आली तर फरक त्यांच्याकडून मागता येतो. नोटिशीशिवाय विकलेत तर तो फरक गेला, उलट नफा झाला तर तो त्यांचा (कलम ५४). हॉटेलच्या नावाची पाटी असलेलं मॉड्यूल दुसरं कोण घेणार, हा प्रश्न आहेच. म्हणून सुटे करण्याआधी प्रत्येकाचे फोटो आणि साहित्याची बिलं जपा.

वसुलीसाठी आधी रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) ऑर्डरच्या आधीची असेल, तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योग परिषदेकडे जा. तिथे उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागतं आणि निवाड्याला आव्हान द्यायला समोरच्याला ७५ टक्के रक्कम भरावी लागते. नोंदणी नसेल तर दिवाणी दावा. मागणी ३ लाख किंवा त्याहून जास्त असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातली मध्यस्थी सक्तीची आहे. तुमच्यासारख्या कारागिराला ती बरी, कारण हॉटेलवाल्यांना लेआउट अर्धाच ठेवायचा नसेल. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं, ती मॉड्यूल पोचवल्याच्या तारखेपासून धरून चाला.