सिक्कीम देशच राहिला असता तर?

गेल्या अंकात आम्ही वाचकांना एक खेळ सुचवला होता : सिक्कीम १९७५ मध्ये भारतात विलीन झालेच नाही असे धरा आणि आजच्या त्या देशाची दोन पानी ओळख लिहा. लिहायला बसलेल्यांच्या निवडक शंका आणि त्यांची उत्तरे.

प्रश्न : इतिहास नेमका कुठे वळवायचा? १४ एप्रिल १९७५ च्या सार्वमतात विलीनीकरण फेटाळले गेले, असे धरले तर? (सांगली)

पटणार नाही. त्या दिवशी विलीनीकरणाच्या बाजूने ५९,६३७ आणि विरोधात १,४९६ मते मोजली गेली. पाच दिवस आधीच भारतीय लष्कराने राजवाड्याच्या रक्षकांची शस्त्रे काढून घेतली होती, आणि आदल्या वर्षीच्या निवडणुकीत काझी ल्हेन्डुप दोर्जी यांच्या सिक्कीम काँग्रेसने ३२ पैकी ३१ जागा जिंकल्या होत्या. एवढे सगळे एका मतपेटीतून उलटवता येत नाही. मागे जायला हवे.

भारताचा भूतानशी झालेला ८ ऑगस्ट १९४९ चा करार आणि सिक्कीमशी झालेला ५ डिसेंबर १९५० चा करार शेजारी ठेवून वाचा. भूतानने परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानायचा होता. सिक्कीम मात्र ‘संरक्षित राज्य’ ठरले : परराष्ट्र व्यवहार पूर्णपणे भारताकडे, लष्कर कुठेही ठेवण्याचा हक्क भारताला, टपाल-तारही भारताचे, आणि परदेशी जाणाऱ्या सिक्कीमी माणसाचा पासपोर्टसुद्धा भारताच्याच छत्राखाली. यातले परराष्ट्र व्यवहाराचे कलम भूतानसारखे करा, लष्कराचे तसेच राहू द्या. मग भूतान ज्या पायऱ्या चढला त्या सिक्कीमला चढता येतील : १९६२ मध्ये कोलंबो योजना (विकासासाठी परस्पर मदत करणाऱ्या देशांचा गट), १९६९ मध्ये जागतिक टपाल संघ, १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रे. मधली पायरी गाळून एकदम न्यूयॉर्कला झेंडा लावू नका.

इथपर्यंत बहुतेकजण येतात आणि इथेच थांबतात. पण कलम बदलून निम्मेच काम होते. सिक्कीमच्या १९५३ च्या राज्य परिषदेत, म्हणजे तिथल्या विधिमंडळात, १७ जागा होत्या : सहा भूतिया आणि लेपचा या अल्पसंख्य समाजांच्या, सहा नेपाळी भाषकांच्या, पाच राजाने नेमलेल्यांच्या. लोकसंख्येत नेपाळी भाषक तीन-चतुर्थांशाच्या आसपास. १९७३ च्या राजाविरुद्धच्या आंदोलनातली ‘एक माणूस, एक मत’ ही मागणी याच हिशेबातून आली. दिल्लीने कितीही उदार करार केला असता, तरी जागांचे हे वाटप न बदलता गंगटोकचे सिंहासन टिकले नसते, असे आमचे मत आहे. म्हणून तुमच्या लेखात हे वाटप कोणी आणि केव्हा मोडले, ते यायलाच हवे. वडिलांच्या मृत्यूनंतर १९६३ मध्ये गादीवर आलेल्या पाल्देन थोंडुप नामग्याल यांनी १९६५ च्या राज्याभिषेकाबरोबरच समान मताधिकार दिला, हा मार्ग त्यातल्या त्यात पटण्याजोगा. याची किंमतही लिहा : राजा नामधारी होतो, आणि नेपाळी ही कारभाराची मुख्य भाषा होते.

प्रश्न : देशाचे पोट कशावर भरेल? वेलदोडे आणि पर्यटन पुरेल का? (नाशिक)

मोठी वेलची, टेमीच्या मळ्यातला चहा आणि पर्यटक यांवर शाळा-दवाखाने चालतील, देश नाही. पैसा तीस्ता नदीच्या पाण्यात, म्हणजे जलविजेत आहे. हिशेब असा मांडा : ५०० मेगावॅट क्षमता, गुणिले वर्षाचे ८,७६० तास, गुणिले सरासरी ५० टक्के वापर, म्हणजे सुमारे २१९ कोटी युनिट. युनिटला अडीच रुपये धरले तर ५४७ कोटी. सहा लाख लोकसंख्येला माणशी नऊ हजारांच्या आसपास. यातून कर्जाचा हप्ता वजा करायला विसरू नका. भूतानचा ३३६ मेगावॅटचा चुखा प्रकल्प भारताच्या ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्जावर उभा राहिला. तेच प्रमाण इथे घ्या.

दोन ठिकाणी हिशेब फसतो. हिवाळ्यात नदी आटते, म्हणून वर्षभर एकच आकडा लावता येत नाही. वीज विकणारे भूतानही थंडीत भारताकडून वीज घेते. दुसरे, ३ आणि ४ ऑक्टोबर २०२३ च्या मधल्या रात्री सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक हिमसरोवर फुटले आणि तीस्तेवरचे चुंगथांगचे १,२०० मेगावॅट प्रकल्पाचे धरण वाहून गेले. भारताच्या एका राज्यावर ही आपत्ती आली; एकाच धरणावर अंदाजपत्रक उभे असलेल्या देशाचे काय होईल, हा परिच्छेद लेखात हवाच.

चलन स्वतःचे छापा, पण रुपयाशी एकास एक बांधलेले. भूतानचा न्गुल्त्रुम १९७४ पासून तसाच आहे. माल सिलिगुडीहून तीस्तेच्या काठच्या एकाच मुख्य रस्त्याने येणार, त्याचे पैसे रुपयांतच द्यावे लागणार. आयात बेसुमार वाढली की तिजोरीतले रुपये संपतात. भूतानला २०१२ मध्ये हाच फटका बसला.

प्रश्न : दार्जिलिंग परत सिक्कीमला जोडले तर चालेल? (पणजी)

नको. ते १८३५ मध्येच ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. एका लेखात दोन वळणे घेतली की वाचकाचा विश्वास उडतो. शिवाय आकाराचे भान ठेवा : ७,०९६ चौरस किलोमीटर म्हणजे दोन गोव्यांपेक्षाही थोडे कमी, रत्नागिरी जिल्ह्याहून लहान. एका वाचकाने या देशाला हवाई दल दिले आहे. खऱ्या सिक्कीमला पाकयोंगचा विमानतळ मिळायलाच २०१८ उजाडले!

प्रश्न : मग आपल्याला तिथे जायला पासपोर्ट लागला असता? (ठाणे)

बहुधा मतदार ओळखपत्र पुरले असते, भूतानला चालते तसे. सिक्कीमच्या सीमेवरच्या रांगपोच्या नाक्यावर नोंद झाली असती आणि भूतान भारतीयांकडून रात्रीला १,२०० रुपये घेतो तसे काही शुल्कही पडले असते. खरी गंमत चीनच्या सीमेवरच्या नथू-ला खिंडीत आहे. आज तिथे परदेशी पर्यटकांना सोडत नाहीत. या काल्पनिक सिक्कीममध्ये परदेशी म्हणजे आपणच, पण करारानुसार खिंडीवरचा पहारा भारतीय लष्कराचा. परवान्यावर शिक्का कोणाचा, ते तुम्हीच ठरवा आणि लेखात लिहा.