शिरोळकडच्या पावसात उघड्यावर ठेवलेलं मिग-२१ टिकवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की शिरोळ तालुक्यातल्या तुमच्या गावात हुतात्मा स्मारकाशेजारी वायुदलाचं निवृत्त मिग-२१ ठेवायचा विचार चाललाय, तेही उंच खांबावर, झेप घेतल्यासारखं. दर दोन-तीन वर्षांनी रंग मारला की भागेल का?

रंगाने भागणार नाही, छपराने भागेल. खांब, चौथरा, रंग, दिवे यांसाठी जे पैसे गोळा होतील त्यातले आधी छपराला काढून ठेवा आणि विमान चाकांवर, जमिनीलगत उभं करा. खांबाचा हट्ट गावातल्या मंडळींना सोडायला लावणं जड जाईल, पण प्रयत्न जरूर करा.

विमानाचा पत्रा म्हणजे डब्याभांड्याचं अ‍ॅल्युमिनियम नव्हे. ताकद यावी म्हणून त्यात चारेक टक्के तांबं मिसळलेलं असतं आणि त्या तांब्यामुळेच तो लवकर खाल्ला जातो, म्हणजे झिजतो. त्याला आळा म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा कागदासारखा पातळ थर दिलेला असतो. चकाकी आणायला कुणी ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर चालवला की हा थर जातो, आणि गेलेला थर परत चढवता येत नाही. त्यात ठिकठिकाणी पोलादी बोल्ट. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून ओले राहिले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. पाऊस अंगावरून वाहून गेला तर फारसं बिघडत नाही. पण तो दोन पत्र्यांच्या जोडात शिरतो, तिथे वारा लागत नाही, आणि जूनमध्ये शिरलेली ओल ऑक्टोबरपर्यंत तिथेच बसते.

ही झीज बाहेरून कशी दिसते ते नीट ओळखून ठेवा. रिव्हेटच्या डोक्याभोवती रंगाला बारीक फुगवटा येतो. नखाने दाबलं की पापुद्रा सुटतो आणि खाली पिठासारखी पांढरी भुकटी निघते. रिव्हेटच्या ओळीत पत्रा किंचित उशीसारखा फुगलेला दिसला, तर जोडाच्या आत भुकटी साठून ती पत्र्याला बाहेर ढकलते आहे. त्यावर रंग मारणं म्हणजे ओलीला आत कोंडणं.

आता खांबाचं. विमानाच्या पोटाला पाणी निथळायची छिद्रं असतात, पण ती चाकांवर उभ्या विमानाच्या हिशेबाने पाडलेली. नाक १५-२० अंश वर केलं की सगळं पाणी शेपटीकडे जातं आणि नेमकी तिथे छिद्रं नसतात. शिवाय ५-६ मीटर उंचीवर कोण शिडी लावून तपासणार? वाऱ्याचा सगळा पीळ खांबाच्या एका जोडावर येतो, तो वेगळाच. खांबच करायचा ठरला तर आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे वाऱ्याचा भार काढणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर घ्या, भार मुख्य स्पार (पंखाच्या आतली मुख्य तुळई) आणि पक्क्या फ्रेमवरच येऊ द्या, विजेसाठी अर्थिंग करा आणि नव्या सगळ्यात खालच्या जागी ६-८ मिलिमीटरची छिद्रं पाडून घ्या. विमानाच्या सांगाड्याला वेल्डिंग करायचं नाही, कुठेच नाही. उष्णतेने त्या धातूची ताकद जाते.

छपराचं माप सोपं आहे. मिग-२१ पुढच्या नळीसकट १५-१६ मीटर लांब, पंखांचा पसारा ७.१५ मीटर, उंची ४.१ मीटरच्या जवळपास. २० बाय १२ मीटरची शेड, आत साडेपाच मीटर मोकळी उंची आणि बाजू उघड्या, एवढं पुरतं. नैर्ऋत्येकडचा पागोळीचा भाग दीड-दोन मीटर जास्त बाहेर काढा, आपल्याकडे पावसाची झड तिकडूनच येते. उजेडासाठी पारदर्शक पत्रे टाकू नका, कॅनॉपीला, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला, ऊन लागतं. खाली उतार दिलेलं काँक्रीट हवं. हिरवळ फोटोत छान दिसते, पण ती रोज सकाळी पोटाखाली दमट हवा सोडते. आणि ताडपत्रीत विमान गुंडाळू नका. आत घाम धरतो आणि वाऱ्याने ती फडफडून रंग आणि कॅनॉपी दोन्ही घासते.

शिरोळ म्हटल्यावर पुराचं बोलायलाच हवं. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठपर्यंत आलं होतं हे गावात कुणालाही ठाऊक असतं. चौथरा त्या खुणेच्या वर घ्या आणि पूररेषेचा नकाशा बघूनच जागा ठरवा. दुसरं, तुमच्या भागात क्षारपड जमीन बरीच आहे आणि पुष्कळ बोअरचं पाणी खारट असतं. त्या पाण्याने विमान धुतलं तर वाळल्यावर क्षार जोडातच राहतो आणि हवेतली ओल ओढत बसतो. धुवायला शेडच्या पन्हाळीचं साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम.

विमान ताब्यात घेण्याआधी काही गोष्टी लेखी मागा. इजेक्शन सीटची आणि कॅनॉपी उडवण्याची काडतुसं काढली आहेत, ऑक्सिजन आणि हवेच्या बाटल्या रिकाम्या आहेत, टाक्यांतलं इंधन आणि हायड्रॉलिक तेल उपसलं आहे, बॅटरी काढली आहे. हे काम वायुदलाच्या तंत्रज्ञांचंच, गावातल्या फिटरचं नव्हे. जुन्या विमानांत काही घड्याळी तबकड्यांवर रेडियमचा रंग असतो. त्याची चमक केव्हाच गेलेली असते, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे, म्हणजे किरणोत्सार तसाच राहतो. तबकड्यांचा किरणोत्सार मोजून घेतल्याशिवाय त्या उघडायच्या नाहीत आणि मुलांना कॉकपिटमध्ये बसवायचं नाही.

विमान उभं करताना वजन टायरवर ठेवू नका. रिकामं विमान साडेपाच टनांच्या आसपास भरतं, टायर एका जागी चपटे होऊन चिरतात. जॅक लावायच्या मूळ जागांखाली पोलादी घोड्या द्या, मध्ये निओप्रीनची जाड पट्टी. चाकांच्या वरच्या पायांतला वायू गळून विमान एका अंगाला कलतं. त्यासाठी पायाच्या चकाकत्या दांड्यावर दोन अर्ध्या तुकड्यांची नायलॉनची कॉलर बसवा, आत ग्रीस भरून. माप घेऊन गेलात तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठलाही लेथवाला करून देईल. इंजिन किंवा नाकातला रडार काढला असेल तर तोल बदलतो, हे घोड्या ठरवण्याआधी विचारून घ्या.

पक्ष्यांना हलक्यात घेऊ नका. पुढचं तोंड, मागचं नळकांडं, चाकांच्या खोल्या आणि शेपटीच्या बुडाशी असलेली ब्रेक पॅराशूटची पोकळी या साळुंक्या-पारव्यांच्या आवडत्या जागा. काटक्या स्पंजासारख्या ओल धरतात आणि विष्ठा धातू खाते. १२ मिलिमीटर भोकांची प्लास्टिकची जाळी चौकटीत बसवा. जाळी बंद झाकणापेक्षा बरी, कारण आत हवा खेळायला हवी. स्टीलची जाळी सरळ पत्र्याला टेकवू नका, परत तेच दोन धातूंचं भांडण.

रंगकाम फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच करा. आधी प्रत्येक खूण, क्रमांक आणि अक्षर मापपट्टी धरून फोटोत घ्या, आणि मूळ रंगाचा वीतभर तुकडा कुठेतरी तसाच राखा, पुढे छटा जुळवायला तोच कामी येतो. खालचा पिवळट-हिरवा प्रायमर क्रोमेटचा असतो. त्याची धूळ फुफ्फुसात गेली तर कर्करोगाचा धोका असतो, म्हणून कोरडं घासणं बंद. पाणी लावून नायलॉन पॅडने घासा, तोंडाला पी-१०० फिल्टरचा मास्क लावा आणि गाळ वेगळा गोळा करा. वायर ब्रश वापरला की लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उठतात. सँडब्लास्टिंगने पातळ पत्रा वाकतो. घासून झाल्यावर तेलकटपणा काढा, अ‍ॅल्युमिनियमसाठीचं रासायनिक अस्तर द्या, मग दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, वर पॉलियुरेथेन. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त असेल तेव्हाच फवारा. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये फुफ्फुसाला घातक असं आयसोसायनेट असतं. गाड्या रंगवणाऱ्या पोराला नुसता रुमाल बांधून हे काम करायला लावू नका, हवेचा पुरवठा असलेला मास्क द्या.

फटी बुजवायला दुकानात मिळणारं साधं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते चालणार नाही. सुकताना ते आम्ल सोडतं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं किंवा पॉलिसल्फाइड घ्या, आणि पोटाखालच्या फटी मुद्दाम उघड्या ठेवा.

कॅनॉपी अ‍ॅक्रिलिकची असते. थिनर, पेट्रोल, स्पिरिट किंवा अमोनियाचा काच-क्लीनर लागला की तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ सुती फडकं एवढंच. कॉकपिट घट्ट बंद राहत असेल तर आत ओल शोषणारं, रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा, पावसाळ्यात दर पंधरवड्याला त्याचा रंग बघा आणि बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास वाळवून परत ठेवा.

वर्षाला दोन धुण्या पुरेत. एक दसऱ्याच्या सुमारास, पाऊस सरल्यावर. दुसरी गळीत हंगाम संपल्यावर, कारण कारखान्यांच्या धुराड्यांतून उडणारी बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख पंखांवर बसते आणि ओली झाली की क्षारी होऊन रंग पोखरते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांजवळ कुणी विमान ठेवणार असेल तर त्यांना लोखंडी धुळीसाठी तिसरी धुणी लागेल. धुवायला गाडीचा सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश. कपड्याची पावडर, सोडा किंवा सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा नको. सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो आणि फवारा पाणी जोडांत घुसवतो.

निर्णय घेण्याआधी स्मारक समितीतल्या दोघा-तिघांनी गोव्याला दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात जाऊन यावं. तिथे सुपर कॉन्स्टलेशनसारखी मोठी विमानं उघड्यावर, समुद्राच्या हवेत उभी आहेत. टॉर्च घेऊन जा. समोर उभं राहून फोटो सगळेच काढतात, तुम्ही चाकांच्या खोल्या, पंखांच्या मागच्या कडा आणि पोटाखालच्या रिव्हेटच्या ओळी वाकून बघा आणि वर सांगितलेले फुगवटे कुठे कुठे असू शकतात ते समजून घ्या.