सांगणारा कोण आहे ते बघा
(वाचकांचे पुस्तकांविषयीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं)

प्रश्न : ताई, सेलू तालुक्यात माझी कोरडवाहू शेती आहे. कापूस, सोयाबीन घेतो. वाचायची आवड लहानपणापासून. पण गावाकडची म्हणून जी पुस्तकं लोक सुचवतात त्यांत दुष्काळ, कर्ज, सावकार याशिवाय काही नसतं. ते आम्ही रोज बघतोच. संध्याकाळी दमून आल्यावर तेच पुन्हा कशाला वाचायचं?
– एक शेतकरी

उत्तर : दादा, नका वाचू. बाजारात भाव पडलेला असेल त्या दिवशी तर मुळीच नका. शेतकऱ्यानं शेतीच्या दुःखाचंच वाचलं पाहिजे असं कुठं लिहून ठेवलेलं नाही.

तरी भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल' या कथेला तेवढी सूट द्या. टोमॅटोला भाव मिळत नाही, आणि बाप आपलाच माल भर बाजारात पायाखाली तुडवतो, एवढीच गोष्ट. ती पोराच्या डोळ्यांनी दिसते. शेतकऱ्याचे हाल कसे होतात यावर लेखक भाषण देत नाही, पोरगा बघत असतो आणि आपण त्याच्या शेजारी उभे असतो. अशी गोष्ट वाचल्यावर मला हलकं वाटतं. कुणीतरी नीट बघितलं, असं वाटतं. आकडे आणि उमाळे एकत्र करून लिहिलेल्या कादंबऱ्या मात्र मीही मिटून ठेवते.

आता तुम्हाला खरं काय वाचायला सांगायचंय ते सांगते. 'गाथासप्तशती' मिळवा. पैठणच्या हाल सातवाहनाच्या नावावर असलेला, महाराष्ट्री प्राकृतातला सातशे गाथांचा संग्रह. स. आ. जोगळेकरांनी मराठी अर्थासह त्याची मोठी आवृत्ती केली आहे. जाडी बघून घाबरू नका, दोन-दोन ओळींच्या गाथा आहेत, कुठूनही उघडावं. आपल्या गोदाकाठचं हे रान, पण त्यात रडगाणं नाही. साळ पिकून पांढरी पडली, आता कापणी होणार, म्हणून एक पोरगी मान खाली घालून रडत बसलीय. कारण भेटायची जागा जाणार. मैत्रीण तिला म्हणते, रडतेस कशाला, पलीकडं शणाचं शेत फुललंय की! आणि एक खास तुमच्यासाठी, कापूसवाल्यासाठी. कापसाचं वावर नांगरायचा मुहूर्त आहे. नांगराची पूजा चाललीय. पूजा करणाऱ्या बाईचे हात थरथरतायत, कारण पुढं कापूस डोक्याएवढा झाला की हेच वावर तिच्या चोरट्या भेटीचं ठिकाण होणार. घरचे मुहूर्त बघतायत आणि तिच्या डोळ्यांपुढं उभं पीक आलंय! मी ही गाथा वाचली तेव्हा परभणीहून गंगाखेडला चालले होते, एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंनी कापूसच दिसत होता. त्या दिवसापासून मला कापसाचं रान निव्वळ क्विंटल आणि भाव असं दिसलेलं नाही.

त्यानंतर ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' घ्या. 1967चं पुस्तक. सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडला स्वतः शेती करणाऱ्या माणसानं लिहिलेलं. पाऊस कसा लागतो, रान कसं अंगावर येतं, हे त्यात एका सुखी माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतं. दमून आल्यावर दोन कविता पुष्कळ झाल्या.

प्रश्न : मी अंबाजोगाईला मराठी शिकवते. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' मुलींना वाचायला दिली तर म्हणतात, भाषा अडाणी आहे, कळत नाही. काय करू?
– एक प्राध्यापिका

उत्तर : 'अडाणी' हे ऐकून मला फार वाईट वाटलं. मुलींचा राग आला नाही, त्यांना हे कुणी शिकवलं त्याचा आला. बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. 1971 साली आलेल्या या कादंबरीत त्यांनी एका शिंप्याच्या घराची परवड त्याच्या बायकोच्या, पारबतीच्या तोंडी दिली आणि स्वतः बाजूला झाले. शुद्ध मराठीत समजावून सांगायला लेखक मध्ये कुठंच येत नाही. तिला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं. नवऱ्याची काळजी, लेकराची काळजी, गावातल्या मोठ्यांची धास्ती, सगळं तिच्या श्वासाच्या लांबीच्या वाक्यांत येतं. हीच कादंबरी प्रमाण भाषेत लिहिली असती तर चार घरची हकिगत झाली असती.

उपाय एकच, मोठ्यानं वाचा. शाळेच्या ग्रंथालयात होते तेव्हा मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून मी 'पाचोळा' वाचून दाखवायची. पालमकडची एक मुलगी एरवी तोंड उघडायची नाही. दुसऱ्या पानालाच तिनं माझ्या हातून पुस्तक ओढून घेतलं, "मॅडम, असं नाही म्हणत," म्हणाली आणि स्वतः वाचायला लागली. हेल बरोबर, थांबायच्या जागा बरोबर. तिची आजी अशीच बोलत असणार. बाकीच्या पोरी गप्प झाल्या आणि मग एकीला सगळं कळायला लागलं, दुसरीला कळायला लागलं. तुमच्या वर्गातही अशी एक असेलच. तिला शोधा आणि पुस्तक तिच्या हातात द्या.

प्रश्न : पुस्तक आवडलं नाही तर अर्धवट सोडावं का?
– एक वाचक, जालना

उत्तर : सोडावं. पण लगेच "भिकार आहे" असं सांगत फिरू नये, पुढची पानं आपण बघितलेली नसतात.

प्रश्न : मी लातूरला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम गाईडमधून पाठ झाला आहे, तारखा तोंडपाठ आहेत. पण मनाला काही भिडत नाही. काय वाचू?
– एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, तुझा प्रश्न फार आवडला. 13 सप्टेंबरला भारताची पोलीस कारवाई सुरू झाली, 17 सप्टेंबर 1948ला निजामानं शरणागती पत्करली, हे तुला येतंच. आता माणसं भेटू देत. पहिल्यांदा अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' वाच. हा माणूस त्या लढ्यात होता आणि पुढं 'मराठवाडा' दैनिकाचा संपादक झाला, त्यामुळं लिहिण्याला धार आहे. मग नरेंद्र चपळगावकरांचं 'कर्मयोगी संन्यासी', स्वामी रामानंद तीर्थांचं चरित्र. चपळगावकर न्यायाधीश होते. ते भक्तीनं लिहितात, पण पुरावा सोडत नाहीत. सिंदगीत जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर आपल्या मुलखात येतात, शिक्षक होतात आणि अख्ख्या संस्थानाचे स्वामीजी होतात, हे त्यात सावकाश उलगडतं.

आणि तिसरं अवश्य वाच, सेतुमाधवराव पगडींचं आत्मचरित्र 'जीवनसेतू'. पगडी निलंग्याचे, म्हणजे तुझ्या जिल्ह्यातलेच, आणि नोकरी निजामाच्या सरकारात. गोंडी आणि कोलामी भाषांची व्याकरणं लिहिणारा, उर्दू कविता मराठीत आणणारा हा अधिकारी तोच काळ कचेरीतून बघतो. भालेराव मोर्चातून सांगतात, पगडी खुर्चीवरून सांगतात. दोघं पाठोपाठ वाचलेस की गाईडमधल्या एका ओळीत किती माणसं दाबून बसवली आहेत ते दिसेल. परीक्षेत याचे गुण मिळतील का, ते मी सांगू शकत नाही. पण मुलाखतीच्या खोलीत बोलायला तुझ्याकडं स्वतःचं काही असेल.

प्रश्न : मला भयकथा आणि विज्ञानकथा आवडतात. वडील म्हणतात, हे टाइमपास आहे, साहित्य नव्हे.
– अकरावीतला विद्यार्थी, नांदेड

उत्तर : वडिलांशी वाद घालू नकोस. त्यांना जयंत नारळीकरांची 'यक्षांची देणगी' वाचायला दे. त्यातल्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत एक माणूस आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा होऊन परत येतो, आणि गणिताची एवढी मोठी गोष्ट घरातल्या गणपतीच्या सोंडेवरून कळते. याच नारळीकरांनी आपली 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 1974 साली नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. आद्याक्षरं उलटी केलेली! आपलं नाव बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला कथेचा इतका मान होता.

नारायण धारपांचं म्हणशील तर मी त्यांना घाबरते आणि तरी वाचते. त्यांच्याकडं भुताच्या आधी घर येतं. जिना, माळा, बंद खोली, सगळं इतकं नीट सांगून होतं की पुढचं काहीही खरं वाटतं. रात्री लाइट गेल्यावर मात्र वाचू नये.

प्रश्न : माझ्या आईची नजर आता फार अधू झाली आहे. आयुष्यभर वाचणारी बाई, नुसती बसून असते. रोज थोडं वाचून दाखवावं म्हणते. पण काय निवडू? टीव्हीवरच्या मालिका तिला नको आहेत.
– एक लेक, बीड

उत्तर : लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून सुरुवात करा. ते लिहिलंय असं वाटतच नाही, समोर बसून एक बाई सांगतेय असं वाटतं. माझ्या सासूबाईंना मी ते वाचून दाखवलं. त्या सुपात डाळ निवडत ऐकायच्या. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड आलं की हात थांबायचा आणि आमच्या चुलत सासऱ्यांच्या सोवळ्याच्या कथा सुरू व्हायच्या. नवरा घर सोडून जातो, धर्म बदलतो, त्या भागात तर त्या थेट लक्ष्मीबाईंशीच भांडल्या, "अगं, तू गेलीस कशाला मागं?" पान तसंच उघडं आणि आमच्या गप्पा तासभर. तुमच्या आईनं मध्येच तोडलं तर तोडू द्या, वाचन रेटू नका.

पुढं गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या. दक्षिणा मिळेल या आशेनं उत्तरेला गेलेला वरसईचा भिक्षुक 1857च्या धामधुमीत सापडतो आणि झाशीच्या वेढ्यात अडकतो. काय खाल्लं, कुठं लपलो, कुणी लुटलं, सगळं सांगतो. आईंना घाबरायला होत असेल तर झाशीची पानं दिवसाउजेडी वाचा.

'लीळाचरित्रा'तल्या लीळाही ऐकवा. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटानं माणसं गाठून गाठून गोळा केल्या, त्या तेराव्या शतकातल्या गद्यात. एकेक लीळा लहान, पैठणच्या आणि गोदाकाठच्या गावांची नावं सारखी येतात, आणि स्वामींची शिष्या महदाइसा प्रश्न विचारते तेव्हा तर आपल्याच ओळखीची बाई बोलतेय असं वाटतं. शब्द जुने आहेत, म्हणून अर्थ दिलेली आवृत्ती घ्या आणि आदल्या दिवशी स्वतः एकदा वाचून ठेवा. अडखळत वाचलं की ऐकणाऱ्याला त्रास होतो. एका बैठकीत पाच-सहा पानं पुरेत, जेवणाआधीची वेळ चांगली. जेवल्यावर त्यांना डुलकी लागेल आणि उद्या तेच पुन्हा वाचावं लागेल.