तीन डबे

"मॅडम, शेजारच्यांनी दिलेलं घरचं खाणं खावं की नाही, एवढंच सांगा. हो की नाही."

समुपदेशनाला येऊन इतकं थेट उत्तर मागणाऱ्यांना मी आधी पाणी देते. ही पस्तिशीतली, ठाण्याच्या एका सोसायटीत राहणारी, नोकरी करणारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) समोरच्या काकूंनी तांदळाची खीर पाठवली होती. हिने ती नेहमीसारखी रात्री ओल्या कचऱ्यात ओतली आणि सकाळी लिफ्टमध्ये म्हणाली, "काकू, मस्त झाली होती हं खीर!" शेजारी उभा असलेला सहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आई, तू तर टाकून दिलीस." उरलेले चार मजले कुणी काही बोललं नाही.

हात पुन्हा पुन्हा धुणं, कुलूप दहादा ओढून बघणं असं काही आहे का, ते मी विचारून घेतलं. मंत्रचळाची लक्षणं असती तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं. कुणी काही करणी करेल, अशी भीती घेऊनही माझ्याकडे लोक येतात, भली शिकलेली माणसं. तेही नव्हतं.

"गाडीवरची पाणीपुरी खाता?"

"खाते की."

"मग काकूंची खीर का नाही?"

यावर ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली.

दोन वर्षांपूर्वी जुन्या बिल्डिंगमधल्या शेजारणीने फोडणीचा भात दिला होता. मुलाला रात्रभर उलट्या, पहाटे सलाईन. "मी चांगला वाफाळता गरम करून दिला होता हो," हे वाक्य तिने तासाभरात तीनदा म्हटलं. म्हणजे राग शेजारणीवर कमी, स्वतःवर जास्त.

मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगितलं. भातात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात. त्यातलं उलटी करवणारं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्या रात्री नेमकं तेच झालं का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण तसं असेल, तर गरम करण्यात ती कमी पडली नव्हती. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, ५ अंशांच्या खाली किंवा ६० च्या वर ठेवावं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम. म्हणून दूध, भात, ओलं खोबरं आलं की "कधी केलंत?" हे निःसंकोच विचारावं. चकली, शेव, लाडूंना एवढी चौकशी लागत नाही. घरात कुणाला शेंगदाण्याची वगैरे अ‍ॅलर्जी असेल तर मात्र लाडूंचीही करावी.

तिचा चेहरा जरा सैल झाला. प्रश्न मात्र संपला नव्हता, कारण टाकलेल्या पदार्थांत चकल्याही होत्या.

(माझी आजी कुणाकडचं काही खायची नाही. "स्वच्छतेचं कसं असेल कुणास ठाऊक," म्हणायची. ते सोवळं होतं, आणि त्यात जात होती, हे मला फार उशिरा कळलं. त्यामुळे कुणी स्वच्छतेचं कारण सांगितलं की मी आणखी एक प्रश्न विचारतेच.)

"काकूंचा डबा परत दिलात?"

इथे ती रडली. ओट्याखाली तीन डबे पडून होते, स्टीलचे, झाकणावर नावं कोरलेले. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे आईने शिकवलेलं. आणि रात्री आठला घरी पोचणारी ही त्यात काय भरणार? डबा आला की तिच्या पोटात गोळा यायचा. खीर नासली असेल याचा थोडा, बाकी सगळा परतफेडीचा. टाकून दिलं की काही घेतलंच नाही, असं मनाला सांगता यायचं.

मी खीर खायला सांगितली नाही. डबे घासून न्यायला सांगितलं, आत मूठभर साखर, आणि खरं बोलायला. दुसऱ्या भेटीत तिने सांगितलं, काकू आधी फुरंगटून बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, दोघांपुरतं करायला हात वळत नाही माझा. उरतं म्हणून देते. तू फक्त डबा देत जा, मला मोजकेच राहिलेत." आता चकली घेते, दुधाचं असेल तर "आज नको काकू" म्हणते. पहिल्यांदा म्हणताना घाम फुटला होता.

दोन डबे गेले. तिसऱ्यावर जुन्या बिल्डिंगमधल्या शेजारणीचं नाव आहे, त्याच भाताचा तो डबा. त्या बाईंचा नंबर अजून फोनमध्ये आहे, म्हणाली. सध्या डब्यात तूरडाळ भरून ठेवलीय.